फुटकी काच

दिवाळीच्या सुट्टीत मूर्तिजापूरकडे दादाच्या शेतावर जायचे, हा माझा वर्षानुवर्षांचा परिपाठ. अमरावतीच्या शाळेत वर्षभर मुलांना शहाणपण शिकवायचे आणि सुट्टीत ते आपणच विसरायचे!

गेल्या वर्षी मात्र हे विसरणे अंगाशी आले. दादाच्या विहिरीवर सौरपंप आहे. उन्हाळ्यातल्या गारपिटीत त्याचे एक पॅनेल तडकले. दुसरे शाबूत होते, पण मंदावलेले. दोन्ही बदलली आणि जुनी गोठ्याच्या भिंतीला टेकून ठेवली. नेमका भंगारवाला आला. मी मोठ्या ऐटीत घासाघीस केली. त्याने तडकलेल्या पॅनेलची ॲल्युमिनियमची चौकट काढली, तांब्याची तार तोडली, माझ्या हातावर तीनशे रुपये ठेवले आणि उरलेली काच धुऱ्यावर भिरकावून तो चालता झाला. मी पाहिले, पण बोललो नाही. सौदा मनासारखा झाला होता ना!

चौथ्या दिवशी कापूस वेचायला आलेल्या बाईच्या पायात तीच काच शिरली. वैनींनी हळद दाबली. दादा तिला दवाखान्यात घेऊन निघाला, तेव्हा तिने विचारले, "मास्तर, धुऱ्यावर काच कोनं टाकली हो?"

जन्मभर दुसऱ्यांना प्रश्न विचारीत आलो. या एका प्रश्नाला मात्र तोंड उघडेना. तीनशे रुपये दादाच्या खिशात कोंबले आणि पोते घेऊन तुकडे वेचायला बसलो.

पॅनेलच्या वजनात सुमारे तीन-चतुर्थांश काचच असते. तिच्याखाली सिलिकॉनच्या पातळ चकत्या, त्यांवर चांदीच्या बारीक रेघा आणि जोडकामात थोडे शिसे. हे सारे प्लॅस्टिकच्या थरांत घट्ट चिकटलेले. चौकट काढायला एक पाना पुरतो; बाकीचे सोडवायला कारखाना लागतो. म्हणून भंगारवाला सोपे तेवढे नेतो. २०२२ च्या ई-कचरा नियमांत पॅनेलेही आली. १ एप्रिल २०२३ पासून ते लागू झाले. २०३४-३५ पर्यंतचा हा कचरा उत्पादकांनी साठवून ठेवायचा आहे. नियम चांगला आहे. पण दिल्ली आणि धुरा यांच्या मध्ये माझ्यासारखा घासाघीस करणारा उभा असतो.

दादाने मंदावलेले पॅनेल गोठ्यावर चढवले, बॅटरी जोडली आणि दिवा लावला. म्हणाला, "बैल म्हातारा झाला, नांगराले नाही चालत, पन दमनीले चालते, बापा!"

याच तालुक्यातल्या दापुऱ्यात, मामाच्या घरी, गाडगेबाबांचे बालपण गेले. अंगावर चिंध्यांचे ठिगळ, एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच. कुणी टाकलेले त्यांनी अंगावर मिरवले. त्यांनी फुटकी काच आपल्या कानात घातली. मी ती दुसऱ्याच्या पायात घातली.

पंप बसवणाऱ्याला दादाने फोन केला. तो "पाहतो" म्हणाला. पोते अजून कोठीत आहे. यंदा सुट्टीत गेलो की पहिल्यांदा ते उचलायचे, आणि त्या बाईला तिच्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे.