सांगलीचा ब्रेक, साताऱ्याचा घाट

सांगलीकराला उताराची सवय नसते. कृष्णाकाठची काळी, सपाट जमीन. हळदीच्या पेठेतून निघावे, गणपतीला हात जोडावेत, तरी गाडीला चढ म्हणून लागत नाही. अशा गावात मोटारसायकलचा ब्रेक थोडा मऊ झाला, तर कोणाच्या लक्षात येणार? दांडी जरा जास्त आत जाते, एवढेच. गाडी थांबते, गाडीवाला खूश असतो.

परंतु भाद्रपद उजाडला, की याच गाडीला कासची ओढ लागते. पश्चिम घाटाबरोबर २०१२ साली जागतिक वारशाच्या यादीत गेलेले हे पठार फुलांनी भरते आणि सांगलीची जोडपी भल्या पहाटे निघतात. आष्टा मागे पडते, पेठ नाक्यावर हमरस्ता लागतो, कऱ्हाडला कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर चहा होतो आणि सव्वाशे किलोमीटरच्या आसपास रस्ता कापून सातारा येते. तेथून यवतेश्वरचा घाट चढून वर जाणे सोपे आहे. गाडीची खरी परीक्षा उतरताना असते.

ब्रेकची दांडी दाबली, की नळीतील तेल चाकाजवळच्या दट्ट्याला रेटते. एका ठिकाणी दिलेला दाब बंदिस्त द्रवात सर्वत्र पोचतो, हे पास्कल या फ्रेंच विद्वानाने सतराव्या शतकात सांगून ठेवले आहे. द्रव दबत नाही, म्हणून हे काम चालते. हवा मात्र दबते. नळीत बुडबुडा शिरला, की बोटांचा जोर चाकाऐवजी त्या बुडबुड्यावर खर्च होतो. शिवाय ब्रेकचे तेल हवेतील ओल शोषते. नवे डॉट ४ जातीचे तेल निदान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये असा दंडक आहे. ओल शोषल्यावर हीच मर्यादा १५५ अंशांवर येते. घाटात ब्रेक सारखा धरून ठेवला, की तेल तापते, वाफ धरते आणि दांडी मुठीला टेकते. मागे बसलेल्या माणसाला यातले काही कळत नाही. त्याचा सगळा भरवसा पुढच्याच्या पाठीवर असतो.

कारागीर याला ‘एअर धरली’ म्हणतात. कृष्णाकाठच्या शेतकऱ्याला हा शब्द नवा नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली ज्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली, त्या मुलखात पंपाची एअर काढणे हे घरचेच काम. मोटारसायकलची एअर काढणेही त्याच जातीचे आहे.

त्याला माणसे दोन हवीत. गाडी सपाट जागी मुख्य स्टँडवर उभी करावी, हँडल असे वळवावे, की तेलाची डबी सरळ राहील. टाकीवर ओले फडके टाकावे. हे तेल रंग खाते, डोळ्यांनाही बाधते. झाकणावर जो डॉट क्रमांक लिहिला असेल, त्याच जातीचे, नव्याने फोडलेल्या डब्यातील तेल भरावे. चाकाजवळच्या निपलवर आधी रिंग पाना, मग पारदर्शक नळी चढवावी. नळीचे टोक बाटलीतल्या थोड्या तेलात बुडलेले असावे.

आता एकाने दांडी दोन-चार वेळा सावकाश दाबून घट्ट धरावी. दुसऱ्याने निपल पाव फेरा सैल करावे; बुडबुडे निघतील. ते पुन्हा आवळल्यावरच ‘सोड’ म्हणावे. आधी दांडी सुटली, तर बाहेर गेलेली हवा परत आत येते. डबीतले तेल खालच्या खुणेपेक्षा उतरू देऊ नये. नळीतून बुडबुड्यांविना स्वच्छ तेल येऊ लागले आणि दांडी टणक झाली, की काम संपले. झाकण लावून, सांडलेले तेल पाण्याने धुऊन, गाडी प्रथम अंगणातच हळू चालवून पाहावी. दांडी तरीही मऊ लागली, कोठे गळती दिसली किंवा गाडीला एबीएस असले, तर मात्र जाणत्या कारागिराकडेच जावे. तेथे हौस कामाची नाही.

सांगलीकरांना आणखी एक सांगणे आहे. २०१९ आणि २०२१ च्या पुरांत कित्येक गाड्या पाण्यात राहिल्या. अशी गाडी सुरू झाली म्हणजे निभावले असे नव्हे. ब्रेकचे तेल बदलणे हे अंगण धुण्याइतकेच निकडीचे. एरवीही साधारण दोन वर्षांनी, किंवा गाडीच्या पुस्तिकेत सांगितले असेल त्याप्रमाणे, ते बदलावे.

आणि मग कासला अवश्य जावे. परतताना गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवावी, ब्रेक सतत न धरता बेताने लावत उतरावे. वळणावर समोर अजिंक्यतारा उभा राहतो, पायथ्याशी सातारा पसरलेले दिसते. ते दृश्य मागच्या माणसाने निवांत पाहावे, यासाठीच तर आदल्या रविवारचा तो अर्धा तास.