पिशवीवरचा टाका

थोरलीच्या वेळी माझं सिझर झालं. त्यानंतर जो तो पोटावरच्या टाक्याची चौकशी करायचा: पिकला का, खाज सुटते का, पावसाळ्यात ठणकतो का. पिशवीवरच्या टाक्याचा विषय पहिल्यांदा काढला तो दुसऱ्या खेपेच्या मॅडमनी. वरचा व्रण आडवा असला तरी आतला छेद आडवाच असेल असं नाही, म्हणाल्या, आणि जुनं डिस्चार्ज कार्ड मागवलं. माझा छेद पिशवीच्या खालच्या भागात आडवा होता, म्हणून नॉर्मलचा प्रयत्न करता येणार होता. उभा असता तर त्यांनी नॉर्मलचं नावही काढू दिलं नसतं. आडव्या छेदानंतर अशा प्रयत्नात टाका उसवतो तो साधारण २०० बायकांत एकीचा. हे ऐकून सासूबाई निर्धास्त झाल्या.

नवव्यात एका रात्री ओटीपोटात एकाच जागी, बोट ठेवून दाखवता येईल असं दुखायला लागलं. कळ आली की पोट दगडासारखं व्हायचं, गेली की सैल पडायचं. हे दुखणं मात्र मधल्या वेळातही हटेना. "गॅस असेल गं, ओवा खा," सासूबाई म्हणाल्या. नवऱ्याने ओव्याची वाट न बघता गाडी काढली.

लेबर रूममध्ये पोटाला पट्टा बांधला. सिस्टर मशीनमधून सरकणाऱ्या कागदाकडे बघत होत्या, मी त्यांच्या तोंडाकडे. बाळाचे ठोके घसरत होते आणि कळ ओसरली तरी लवकर वर येईनात. मॅडमनी व्रणाच्या वर दोन बोटं दाबली, तशी मी त्यांचा हातच धरला. "आता थांबायचं नाही," एवढंच त्या बोलल्या. टाका उसवला तरी रक्त बाहेर दिसेलच असं नसतं, ते पोटात साठू शकतं. पुष्कळदा पहिली खूण ठोक्यांतच मिळते, हे मला नंतर कळलं.

पाठीत इंजेक्शन दिलेलं, त्यामुळे मी जागी होते. पडद्यापलीकडून आवाज आला, "केस दिसताहेत बघा." पिशवीला अजून ब्लेड लागलंही नव्हतं! जुन्या टाक्याच्या जागी सायीसारखा पापुद्रा तेवढा उरला होता आणि त्यातून लेकाचं जावळ दिसत होतं. तो फाटला नव्हता, म्हणून लेक बाहेर येताच रडला आणि माझी पिशवीही वाचली.

तिसऱ्याचा विषय आता घरात निघत नाही. जुन्या टाक्यावर वार बसली तर ती आत रुतते, सुटत नाही, रक्तस्राव आवरेना झाला तर पिशवीच काढावी लागते, हे मॅडमनी सासूबाईंना बसवून सांगितलंय. धाकट्या जावेचंही पहिलं सिझरच, आणि तिला पुन्हा दिवस गेलेत. सासूबाई रोज तिच्या मागे लागतात: "सोनोग्राफीत वार कुठे आहे, ते विचारून आलीस का?"