अडलेलं पाणी

गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर ती पहिल्यांदाच विस्कॉन्सिनच्या डेव्हिल्स लेकला जायचं ठरवतेय. १९११ साली राज्य उद्यान झालेल्या या परिसराचा नकाशा दोन दिवस टेबलावर उघडाच आहे.

पूर्वेच्या कड्यावर बॅलन्स्ड रॉककडे जाणारी खडी दगडी वाट. तिचं बोट तिथे रेंगाळतं, मग पश्चिमेला, पाण्यालगतच्या सोप्या ‘टम्बल्ड रॉक्स’ वाटेवर येतं.

क्वार्ट्झाइटचे हे जांभळट कडे सुमारे ५०० फूट उंच. हिमनदीने दरीची दोन्ही तोंडं दगडमातीने बुजवली, अडलेल्या पाण्याचं तळं झालं. अडून राहण्यातूनही काही साठतं का? घरात काढलेले आठवडे तिला आठवतात.

इथल्या मूळनिवासी हो-चंक लोकांसाठी हे पाणी पवित्र आहे.

डबा, काठी, पाण्याची बाटली. गाडीचा प्रवेशपास काढून झालाय. निघायचं शनिवारी पहाटे, गर्दीच्या आधी.