डोलकाठी डोलू नये

'डोलकाठी' हा शब्द मोठा फसवा आहे. नावातच डोलणे, पण ही काठी वाकता कामा नये! मांडवीकाठच्या एका म्हाताऱ्या पागीने मला हे एका वाक्यात समजावले : "ती डोलते होडीबरोबर. आपणच डोलू लागली की शीड गेले."

मी त्याच्याकडे गेलो तो बुऱ्हाणपूरच्या मावसभावासाठी. तापीवर फिरायला त्याने फळ्यांची छोटी होडी बांधली. दिवाळीनंतर फोन आला, "दादा, तू गोव्याचा, डोलकाठी कशी करायची सांग." गोव्याचा माणूस म्हणजे जन्मजात तांडेल, असा बाहेर समज असतो. मी पडलो कचेरीतला कारकून! पण होडीत त्याची दहा वर्षांची मुलगी बसणार होती, म्हणून हसण्यावारी नेता येईना.

काठी वाकली तर वाऱ्यात शिडाचा आकार बिघडतो. जड झाली तर वजन उंचावर जाते आणि लहान होडी कलंडते. पूर्वी मोठ्या जहाजांना सह्याद्रीतल्या पून झाडाचे सरळसोट खोड लावत. छोट्या होडीला बांबू बरा, तोही पोकळ. वजन तेवढेच ठेवून नळीचा व्यास दुप्पट केला, तर ताठपणा साधारण चौपट होतो. बांबूचा चिवट धागा बाहेरच्या सालीकडे दाट असतो आणि पेरांमुळे नळी चेपत नाही. निसर्गाने हिशेब चोख ठेवला आहे.

बुऱ्हाणपूर केळीचा मुलूख, टेकूसाठी बांबू लागतातच. पण सातपुड्याच्या कोरड्या उतारावरचा बांबू पुष्कळदा भरीव निघतो. तो लाठीला उत्तम, डोलकाठीला जड. म्हणून जाड, पोकळ आणि निदान तीन वर्षांचा पाहून घ्यायचा. काही आठवडे पाण्यात बुडवायचा, म्हणजे पिठूळपणा जाऊन भुंगा कमी लागतो. मग सावलीत वाळवायचा. खिळा मारायचा नाही, बांबू चिरतो. दोरीचे घट्ट वेढे द्यायचे आणि बुडाशी लाकडी खुंटी ठोकून बसवायची.

शेवटी परीक्षा. दोन स्टुलांवर काठी आडवी ठेवून मध्ये पाण्याची बादली टांगायची आणि किती वाकते ते मोजायचे. तीन-चार काठ्यांतून सर्वांत कमी वाकणारी निवडायची.

भावाने तसेच केले. मुलीला लाइफ जॅकेट घे, हे मात्र मी कोणालाही न विचारता सांगितले.