दाखवायचें घर

घर विकायचें ठरलें त्या दिवशीं मला वाटलें, आतां एक कागद करायचा, पैसे घ्यायचे आणि किल्ल्या द्यायच्या, एवढेंच काम उरलें आहे. परंतु घर विकण्यापूर्वीं तें दाखवावें लागतें, आणि दाखवण्यापूर्वीं तें दाखवण्याजोगें करावें लागतें, ही गोष्ट माझ्या ध्यानांतच आली नव्हती. ज्या घरांत आपण लहानाचे मोठे झालों तें दाखवण्याजोगें नाहीं, हें आपल्याला एखाद्या परक्या माणसानेंच सांगावें लागतें. आणि त्यानें सांगितलें म्हणजे थोडा रागही येतो.

घर डोंबिवलीचें. पूर्वेला, स्टेशनपासून पायीं पंधरा मिनिटांवर, तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. वडिलांनीं तें १९७८ सालीं घेतलें, तेव्हां मी अकरा वर्षांचा होतों. गिरगांवांतल्या चाळीची एक खोली सोडून आम्ही तेथें राहायला गेलों, त्या दिवशीं स्वतःचा नळ आणि स्वतःचा संडास पाहून आईनें देवापुढें साखर ठेवली होती. पुढें मीं ठाण्याला बिऱ्हाड केलें, वडील गेले, आणि आई त्या घरांत एकटी राहिली. इमारतीला लिफ्ट नाहीं. ऐंशी उलटल्यावर तीन जिने चढणें म्हणजे रोजची यात्राच. गेल्या वर्षीं एकदां ती भाजीची पिशवी मांडीवर घेऊन दुसऱ्या मजल्याच्या पायरीवर अर्धा तास बसून राहिली, आणि त्यानंतर माझ्याकडे राहायला आली.

घर पाहायला आलेला दलाल तिशीच्या आंतला होता. चारी बाजूंना नजर फिरवून तो म्हणाला, "घर छान आहे, काका, पण इथं फार माणसं दिसतात." घरांत त्या वेळीं आम्ही तिघेंच होतों. माझा चेहरा पाहून त्यानें खुलासा केला, "गिऱ्हाइकाला तुमचं घर बघायचं नसतं. त्याला त्याचं स्वतःचं घर बघायचं असतं. तुमचं जेवढं कमी दिसेल, तेवढं त्याला त्याचं जास्त दिसेल." एवढ्या लहान वयांत हें तत्त्वज्ञान त्यानें कोठून मिळवलें कोण जाणे, पण तें खोडून काढतां येईना.

अमेरिकेंत या कामाचा स्वतंत्र धंदाच आहे, आणि त्याला तेथें जें नांव आहे त्याचा अर्थ घर रंगमंचावर मांडणें असा होतो. आपल्याकडे त्याला शब्द नाहीं, परंतु प्रकार मात्र आपल्याला मुळींच नवा नाहीं. मुलगी दाखवण्याचा कार्यक्रम ज्यांनीं पाहिला आहे त्यांना घर दाखवण्याचा कार्यक्रम वेगळा शिकवावा लागत नाहीं. तीच आवराआवर, तीच उजेडाची बाजू, तीच येणाऱ्यांच्या पावलांची चाहूल, आणि ते गेल्यावर "काय म्हणाले?" म्हणून तीच हुरहूर!

एप्रिल महिन्याचे चारी रविवार आम्हीं या कामांत घालवले. माळ्यावरून दिवाळी अंकांचे अठ्ठावीस गठ्ठे उतरले. धुऊन, वाळवून, घडी घालून ठेवलेल्या दुधाच्या पिशव्या निघाल्या. एकाच खिळ्यावर एकामागें एक टांगलेलीं नऊ वर्षांचीं कॅलेंडरें निघालीं. प्रत्येकावर दुधाचा हिशेब वडिलांच्या किंवा आईच्या अक्षरांत. बाहेरच्या खोलींतला मोठा पलंग काढतांच खोली हातभर रुंद झाल्यासारखी वाटली. लहान घर मोठें दाखवण्याची सारी विद्या एवढ्यांतच आहे, असें माझ्या ध्यानांत आलें : दारांत उभ्या राहिलेल्या माणसाची नजर कोठेंही न अडखळतां खिडकीपर्यंत पोंचली पाहिजे. जमिनीचा जेवढा भाग उघडा दिसेल तेवढी खोली मोठी वाटते. खिडकीसमोर आरसा टांगला तर उजेड दुप्पट होतो. भिंतींना एकच फिका रंग दिला तर कोपरे मागें सरकल्यासारखे भासतात. यांत फसवणूक कांहींच नाहीं. खोली असते तेवढीच असते, आपणच ती एरवीं झांकून ठेवलेली असते.

मधल्या दाराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या रेघा होत्या. माझ्या आणि धाकट्या बहिणीच्या वाढत्या उंचीच्या त्या खुणा. रंगाऱ्यानें विचारलें, "यांच्यावर हात मारूं ना?" मी क्षणभर घुटमळलों आणि हो म्हणालों. दुसऱ्याला चौकट द्यायची ती कोरी द्यावी. आमची उंची त्याच्या काय कामाची?

पण खरी गोष्ट स्वयंपाकघरांत घडली. तेथें ओट्याच्या शेजारीं एक लांकडी फडताळ होतें. वडिलांनीं तें १९८३ सालीं जुन्या बाजारांतून आणलें, आणि दुसरीकडे कोठेंच मावेना म्हणून पूर्वेच्या खिडकीपुढें उभें केलें. त्यानें खिडकीचा दोन तृतीयांश भाग अडवला. उरलेल्या भागाचें दार गंजून बसलें होतें. दलालानें सांगितल्यावरून आम्हीं तें फडताळ हलवलें. सुतारानें वीस मिनिटांत खिडकीचें दार मोकळें केलें. बारा वर्षें ठिबकणारा नळ, ज्याला आई चिंधी बांधून खालीं तपेलें ठेवीत असे, तो एका वायसरनें बंद झाला. सकाळचे नऊ वाजले होते. कडाप्प्याच्या ओट्यावर लख्ख ऊन पडलें. आई दारांतून आंत आली, ओट्यावर हात ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, "एवढा उजेड होता होय इथं?"

तिनें तें तक्रारीच्या सुरांत म्हटलें नाहीं. म्हटलें असतें तर बरें झालें असतें. चाळीस वर्षें भर सकाळीं दिवा लावून जिनें पोळ्या लाटल्या, तिला तिच्या स्वयंपाकघरांतला सूर्य एका दलालानें दाखवला. त्या चाळीस वर्षांत मी शिकलों, नोकरीला लागलों, दर दिवाळीला तिला लुगडें घेतलें, एकदां काशीयात्राही घडवली. फडताळ मात्र हातभर सरकवलें नाहीं. काशीपेक्षां तें पुष्कळ जवळ होतें.

आपण घर आवरतों तें नेहमींच परक्यांसाठीं. पाहुणे येणार म्हटलें म्हणजे चांगल्या कपबश्या निघतात, लग्न निघालें म्हणजे रंग दिला जातो, आणि घर विकायला काढलें म्हणजे खिडक्या उघडतात! घरच्या माणसांना सवय असते, एवढ्याच कारणानें आपण त्यांना अंधारांत ठेवतों; आणि सवय ही गोष्ट अशी कीं जिची गैरसोय होते तीच शेवटीं म्हणूं लागते, 'मला कांहीं अडत नाहीं हो.' त्या दिवशीं मला प्रथमच वाटलें कीं आम्ही सजावट करीत नव्हतों. थकलेलें देणें उशिरां फेडीत होतों, आणि तेंही भलत्याच माणसाला.

याच सुमारास पश्चिमेच्या भिंतीचा प्रश्न निघाला. कोंकणपट्टींतला पाऊस नैर्ऋत्येकडून येतो, आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंत पश्चिमेच्या भिंती त्याचा मारा सोसतात. आमच्या आंतल्या खोलीची एक भिंत त्या बाजूची. बाहेरच्या गिलाव्याला बारीक भेगा आहेत. त्यांतून पाणी विटांत मुरतें आणि श्रावणापर्यंत आंतल्या अंगाला ओलीचा एक नकाशा उमटतो. पुढें पाणी आटतांना विटांतले क्षार वर येतात, रंग फुगतो आणि पोपडे पडूं लागतात. दरवर्षीं आम्हीं आंतून रंग द्यावा आणि दरवर्षीं पावसानें तो सोलून काढावा, असा क्रम चालला होता. खरा इलाज बाहेरून परांची बांधून गिलावा नवा करण्याचा. पण तो साऱ्या सोसायटीनें मिळून करायचा आणि त्याचा ठराव एका सभेंतून दुसऱ्या सभेंत ढकलला जात होता. एप्रिलांत मात्र तीच भिंत ठणठणीत कोरडी असते.

दलाल म्हणाला, "पुट्टी भरून रंग मारून घ्या, काका. मे महिन्यांत व्यवहार उरकूं. जूनचं जून."

मला मोह झाला नाहीं असें म्हटलें तर तें खोटें होईल. कायदा मला ठाऊक होता. विकणाऱ्याला माहीत असलेला आणि घेणाऱ्याला साध्या काळजीनें दिसणार नाहीं असा महत्त्वाचा दोष विकणाऱ्यानें सांगितलाच पाहिजे, असें १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचें पंचावन्नावें कलम सांगतें. परंतु कायदा जाणणारा माणूस पळवाटही तितक्याच तत्परतेनें शोधतो. ओल हा महत्त्वाचा दोष म्हणावा काय? जुनी इमारत म्हटल्यावर घेणाऱ्यानेंच चौकशी नको का करायला? असे मुद्दे मी मनांतल्या मनांत मांडीत असतांना आई जुने अंक चाळतां चाळतां म्हणाली, "मला बघायला यायचे ना, तेव्हां सगळ्या बायका म्हणायच्या, चष्मा काढून बसवा हिला. आमचे नाना ऐकायचे नाहीत. म्हणायचे, चष्म्यासकट बसेल. संसार काय चष्मा काढून करायचाय?"

"मग?" मीं विचारलें.

"मग काय! दोन ठिकाणांहून नकार आला. तिसरे तुझे वडील."

तिनें पुन्हा अंकांत डोकें घातलें. तिला भिंतीविषयीं कांहीं सुचवायचें होतें कीं नुसती आठवण झाली होती, हें मला आजही सांगतां येणार नाहीं. पण रंगाऱ्याला मीं सांगितलें कीं सारें घर रंगव, तेवढी एक भिंत आहे तशी राहूं दे.

मग पाहणारे येऊं लागले. पहिले गृहस्थ मोजपट्टी घेऊनच आले. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यानें 'कार्पेट' कशाला म्हणावें हें ठरवून दिल्यापासून घेणारे शहाणे झाले आहेत. आमच्या जुन्या करारांतला बिल्ट-अपचा ऐसपैस आंकडा त्यांच्या पट्टीखालीं बराच आकसला. दुसऱ्यांनीं खोल्या पाहण्यापूर्वींच मोटार कोठें ठेवायची तें विचारलें. तिसऱ्या बाईंना स्वयंपाकघरांतला उजेड फार आवडला, आणि त्यांनीं आईला म्हटलें, "नशीबवान आहात हो आजी, इतक्या उजेडांत काम केलंत!" आई नुसती हंसली. मी खिडकीबाहेर पाहूं लागलों.

पश्चिमेच्या भिंतीपाशीं प्रत्येक जण थांबे. मी शब्दांची जुळवाजुळव करीपर्यंत आई सांगून टाकी, "पावसांत पाणी येतं तिथं. आंतून कितीही रंग द्या, जायचं नाही. बाहेरून करायला हवं." दलालानें मला जिन्यांत गांठून हात जोडले : "काका, आजींना दाखवायच्या वेळीं देवळांत पाठवाल का?" दोन कुटुंबें त्या भिंतीवरूनच परत गेलीं, आणि त्या दोन्ही रात्रीं मी नानांच्या तत्त्वनिष्ठेविषयीं फारसें चांगलें बोललों नाहीं.

शेवटीं एका तरुण जोडप्यानें घर घेतलें. दोघेंही रोज लोकलनें मुंबईला जाणारीं. मुलीनें भिंतीवर तळवा टेकून आईचें म्हणणें सगळें ऐकून घेतलें, आणि आठ दिवसांनीं ती आपल्या वडिलांना घेऊन पुन्हा आली. त्यांनीं भिंत ठोकून पाहिली, गच्चीवर जाऊन बाहेरचा गिलावा पाहिला आणि किंमतींतून एक लाख रुपये कमी करायला सांगितले. मीं ते केले. सत्याचा जय झाला आणि पदरांत चार पैसे अधिक पडले, असा शेवट मला येथें करतां आला असता तर तो मला आवडला असता. पण लाख रुपये गेले ते गेलेच, आणि ते मला लागलेही. मात्र जुलैच्या पहिल्या मोठ्या पावसांत, ठाण्याच्या घरांत रात्रीं जाग आल्यावर, त्या भिंतीची आठवण होऊनही मला पुन्हा झोंप लागली. तिची किंमत लाखांत किती धरावी हें मला ठरवतां आलेलें नाहीं.

या साऱ्या खटाटोपांतून मीं माझ्यापुरता एक साधा नियम काढला आहे. घेणाऱ्यासाठीं घर नीटनेटकें करतांना जें जें घरच्या माणसांसाठीं पूर्वींच करायला हवें होतें तें तें खुशाल करावें. त्यांत लाजण्यासारखें कांहीं नाहीं, उशीर झाल्याची लाज मात्र वाटावी. आणि जें आपण घरच्या माणसांपासून झांकून ठेवलें नसतें, तें घेणाऱ्यापासूनही झांकूं नये. कारण किल्ल्या हातांत पडल्या कीं तोही घरचाच माणूस होतो, फक्त आपल्या घरचा नव्हे.

किल्ल्या देऊन आम्ही परत आलों, त्याच्या दुसऱ्याच दिवशीं मीं सुताराला बोलावलें. आमच्या ठाण्याच्या घरांत गॅलरीचें दार गेलीं सहा वर्षें अर्धेंच उघडतें, आणि धुणें वाळत घालायला माझी पत्नी तेथून रोज अंग चोरून जाते. सुतार रंधा मारूं लागला तशी ती हातांतलें काम टाकून बाहेर आली, कांहीं वेळ पाहत राहिली आणि काळजीच्या सुरांत म्हणाली, "अहो, हेंही घर विकायला काढलंय कीं काय?"