जास्त की कमी?

मालवणच्या किनाऱ्यावर माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक तक्रारी एकाच वाक्यात मावतात: "मेस्त्रीनू, मशीन चालू होता आणि बंद पडता." मशीन म्हणजे होडीच्या पाठीला लावलेलं आऊटबोर्ड इंजिन. कार्ब्युरेटरवर चालणारी ही जुनी मशीन आजही कितीतरी घरांचं पोट भरतात, म्हणून त्या एका वाक्याचा मी आयुष्यभर अभ्यास करत आलो आहे.

बंद पडणं एकच, पण त्यामागची कारणं परस्परांच्या विरुद्ध असू शकतात. सिलिंडरमध्ये पेट्रोल गरजेपेक्षा जास्त जात असेल, तरी मशीन गुदमरून थांबतं. पुरेसं पोचत नसेल, तरीही थांबतं. एकावरचा उपाय दुसऱ्यावर केला की दुखणं वाढतं. म्हणून पाना उचलण्याआधी एका प्रश्नाचं उत्तर मला हवं असतं: जास्त की कमी?

उत्तर मशीनच देतं. आवाज खाली येऊ लागला, की पेट्रोलच्या नळीवरचा रबरी बल्ब दाबायचा. मशीनने जोर धरला, तर त्याला पेट्रोल कमी पडत होतं. आणखी घरघरून बसलं, तर आधीच जास्त होतं. चोकही तेच सांगतो: थोडा ओढल्यावर सुधारलं तर कमी, काळा धूर टाकून बसलं तर जास्त. मग प्लग काढून बघावा. ओला, काळा, पेट्रोलचा वास मारणारा प्लग आणि कोरडा, फिकट प्लग यांत चूक होणं कठीण.

जास्तीचं दुखणं समजून घ्यायचं, तर फ्लोटची वाटी समजली पाहिजे. १८९३ साली जर्मनीत विल्हेल्म मायबाख आणि हंगेरीत दोनात बांकी व यानोश चोंका हे एकमेकांपासून स्वतंत्रपणे काम करत असताना जेटमधून फवारा उडवणाऱ्या कार्ब्युरेटरपर्यंत पोचले. एक ग्रॅम पेट्रोल नीट जळायला सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. हा हिशोब टिकायचा, तर जेटच्या मागे पेट्रोलची पातळी कायम एकाच उंचीवर हवी. ते काम फ्लोट करतो, घराच्या टाकीतल्या तरंगत्या कॉकसारखं. वाटी भरली की फ्लोट वर येतो, पेट्रोल आत येण्याच्या तोंडाची सुई, म्हणजे निडल, सीटवर बसते आणि वाट बंद होते. निडल नीट बसली नाही, तर पेट्रोल चढत जातं, कार्ब्युरेटरच्या गळ्यात उतरतं आणि मशीन ओव्हर होतं, म्हणजे पेट्रोलने गुदमरतं.

निडल का बसत नाही? झिजलेल्या टोकावर बारीक कडं पडलेलं असतं. जुन्या नळीचा आतून सुटलेला रबराचा कण सीटवर अडकलेला असतो. कधी फ्लोटच फुटका असतो. कानाशी धरून हलवला की आतलं पेट्रोल डुचमळतं. गरम पाण्यात बुडवला की भोकातून बुडबुडे निघतात. सगळं पुसून घेतल्यावर कार्ब्युरेटर उलटा धरून इनलेटमध्ये हलकी फुंक मारावी. हवा पूर्ण थांबली पाहिजे. अनेक कार्ब्युरेटरांत उलट्या स्थितीत फ्लोट बॉडीच्या कडेला समांतर दिसावा लागतो. नेमकं माप त्या मशीनच्या पुस्तकातून घ्यावं. जेटमध्ये स्टीलची तार कधीही घालू नये. पितळ मऊ असतं, भोक मोठं झालं की आयुष्यभर पेट्रोल जास्तच जाणार.

पण दोषी नेहमी कार्ब्युरेटरच असतो असं नाही, आणि मला या कामातलं सगळ्यांत मोलाचं वाटतं ते हेच. टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू बघा. उन्हात ठेवलेल्या टाकीचा तो बंद राहिला, की आत वाफेचा दाब वाढतो आणि चांगल्या निडललाही ढकलून पेट्रोल पुढे घुसतं. मशीन चालू असताना तोच स्क्रू बंद असला, तर टाकीत पोकळी होते, पंपाला पेट्रोल ओढता येत नाही आणि मशीन उपाशी मरतं. एकच स्क्रू, दोन उलटी दुखणी. टाकी मशीनपेक्षा उंच फळीवर ठेवली, तर पेट्रोल स्वतःच्या वजनाने दाबत राहतं. टू-स्ट्रोक मशीनचा पेट्रोल पंप क्रँककेसमधल्या दाबाच्या चढउतारावर हलणाऱ्या पडद्याने चालतो. तो पडदा फाटला, की पेट्रोल कार्ब्युरेटरला वळसा घालून थेट क्रँककेसमध्ये उतरतं. मग निडल कितीही वेळा बदला, प्लग ओलाच राहतो.

म्हणून मशीन बंद ठेवून बल्ब दाबून बघणं ही माझी आवडती परीक्षा. बल्ब घट्ट होऊन तसाच राहिला, तर निडल आणि पंप बहुधा ठीक. घट्ट होतच नाही आणि कार्ब्युरेटरच्या गळ्यात पेट्रोल दिसतं, तर निडल किंवा फ्लोट. घट्ट होत नाही आणि बाहेर थेंबही दिसत नाही, तर पंपाचा पडदा, बल्बच्या आतले व्हॉल्व्ह आणि नळीचे जोड तपासायचे.

आपल्याकडे या दुखण्याला ऋतू आहे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. सिंधुदुर्ग किल्ल्याकडची प्रवासी वाहतूकही पावसाळ्यात थांबते. मशीन शेडमध्ये पडून राहतं. वाटीतलं पेट्रोल उडून चिकट थर उरतो आणि निडल त्याला धरून बसते. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते दमट हवेतलं पाणी ओढून घेतं. पाणी वाढलं, की पाणी आणि इथेनॉल पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाशी बसतात, नेमके जेटच्या तोंडाशी. जुनं रबरही इथेनॉलने लवकर खराब होतं. उपाय सोपा आहे. मशीन ठेवताना नळी काढून वाटीतलं पेट्रोल संपेपर्यंत ते चालवावं, कूलिंगच्या पाण्याची सोय करूनच. किनाऱ्यावर होडी ओढून मशीन रोज वर उचलणाऱ्यांनीही हे करावं. भरल्या वाटीने उचलल्यावर पेट्रोल गळ्यात सांडतं आणि सकाळी मशीन ओव्हर होतं.

ओव्हर झालेलं मशीन म्हणजे मोकळं पेट्रोल, आणि त्याची वाफ हवेपेक्षा जड असल्याने होडीच्या तळाशी साचते. प्लग काढून दोरी ओढायची असेल, तर आधी इग्निशनची किल क्लिप काढावी. सुट्या वायरची ठिणगी पुरेशी असते. सांडलेलं पेट्रोल डब्यात घ्यावं, समुद्रात सोडू नये. फोर-स्ट्रोक मशीनचं ऑइलही बघावं. त्याची पातळी वाढलेली असली आणि पेट्रोलचा वास येत असला, तर ते आधी बदलावं, मगच मशीन सुरू करावं.

बाहेरून हाताला लागतो म्हणून पहिल्यांदा कार्ब्युरेटरवरचा हवेचा स्क्रू फिरवणारे खूप असतात. त्या स्क्रूने आयडलिंगमधला थोडा फरक सुधारतो. गळक्या निडलने ओव्हर होणारं पेट्रोल थांबत नाही. उलट मूळ सेटिंग हरवतं आणि एका दुखण्याची दोन होतात.

समुद्रावर मेस्त्री नसतो. खडकांच्या जवळ मशीन थांबलं, तर आधी नांगर टाकावा, मग प्रश्न विचारावा. जास्त असेल तर नळी काढावी, चोक पूर्ण उघडा ठेवावा, थ्रॉटल मोठा करून दोरी ओढावी. कमी असेल तर टाकीचा स्क्रू, नळीचा पीळ, फिल्टर बघावा. दुरुस्त केलेलं मशीन परत देताना म्हणूनच मी होडीवाल्याच्या हातात बल्ब देतो, दोन्ही परीक्षा त्याच्याकडून करून घेतो, आणि त्याला उत्तर स्वतः सांगता आलं तरच काम पूर्ण झालं असं मानतो.