दाराजवळची जागा

भाईंदर पूर्वेच्या खारी गावात राहणाऱ्या या गृहिणी आज ६१ वर्षांच्या आहेत. मंदिरात सामायिकाला बसताना त्यांची जागा अनेक वर्षे ठरलेली होती : शेवटची ओळ, दाराजवळ. ४८ मिनिटे एका आसनावर बसणे त्यांना जड नव्हते. शेजारच्या बाईला वास येईल, ही भीती होती. पुढे पुढे त्या जाईनाशाच झाल्या. गुडघे दुखतात, असे सांगत. गुडघे ठणठणीत होते.

दुसऱ्या बाळंतपणानंतर शिंकताना थेंबभर लघवी निसटू लागली, आणि पाळी गेल्यावर ते वाढले. हसताना, बादली उचलताना, चर्चगेटच्या गाडीत धक्का बसताना. पिशवीत जादा परकर आला, कपाटात गडद रंगाच्या साड्या आल्या. पाणी तोडणे हा उपाय त्यांनी स्वतःच शोधला. चौविहाराचा नियम पूर्वीपासून होताच. आता दिवसाही तीन-चार पेल्यांवर भागू लागले. घरच्यांना ती तपाची ओढ वाटली. त्यांनी तो समज मोडला नाही, पण नियमाच्या आड लाज लपवतो आहोत, हे त्यांना सारखे टोचत राहिले.

मंदिरातून सम्मेद शिखरजीची यात्रा ठरली, तेव्हा हे टोचणे असह्य झाले. चढण, वंदना आणि उतार मिळून २७ किलोमीटर. शिवाय पर्वतावर लघुशंका होऊ नये, अशी भाविकांची भावना. त्यांनी नाव दिले नाही. त्या रात्री उशिरा गॅलरीत परकर वाळत घालताना सूनबाईंनी त्यांना पाहिले. वर्षाच्या बाळाची ती आई. ती म्हणाली, “आई, मलाही बाळंतपणानंतर हेच झालं होतं. व्यायामानं थांबलं.” सासूने सुनेला सांगावे, अशी ही गोष्ट सुनेने सासूला सांगितली.

डॉक्टरांनी आधी लघवी आणि साखर तपासली. जंतुसंसर्ग किंवा मधुमेह असेल तर वाट वेगळी. मग फिजिओथेरपिस्ट बाईंकडे पाठवले. तिथे पहिले काम वहीचे होते. तीन दिवस किती पाणी प्याले, किती वेळा गेल्या, कधी गळाले, हे सारे लिहायचे. वही पाहून त्या म्हणाल्या, “काकू, पाणी वाढवा. घट्ट लघवीनं मूत्राशय अधिकच चिडतं.” सूर्यास्ताचा नियम मोडायचा नव्हता; दिवसाचे पाणी दिवसा, थोडे थोडे, एवढेच.

ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची एक झोळी असते. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय यांना ती खालून आधार देते. बाळंतपणात ती ताणली जाते. ही झोळी आत आणि वर ओढायची असते. काकूंना ओढायला सांगितले, तर त्यांनी श्वास कोंडून खाली जोर दिला. पुष्कळ बायकांचे असेच होते. जो स्नायू आयुष्यात कधी जाणवलाच नाही, त्याला हाक तरी कशी मारायची?

विजेचे यंत्र आले ते इथे. अंगठ्याएवढी दांडी योनिमार्गात ठेवतात आणि सौम्य प्रवाह हळूहळू वाढवतात. खोकताना-शिंकताना गळत असेल तर सेकंदाला साधारण ५० स्पंदने देतात. एकदम घाईची लागून वाटेत सुटत असेल तर साधारण १०. दुखत नाही, मुंग्या येतात. स्नायू आपोआप आवळला जातो. हृदयात पेसमेकर असेल किंवा दिवस गेलेले असतील, तर हा उपचार करत नाहीत. पहिल्या दिवशी पडद्याआड काकूंच्या डोळ्यांत पाणी आले. चौथ्या वेळेस त्या म्हणाल्या, “हां, कळलं कुठे ते!”

यंत्राचे काम तेवढेच होते. ज्यांना स्नायू स्वतःहून नीट आवळता येतो, त्यांना बहुधा त्याची गरज पडत नाही. बरे करतो तो व्यायाम. अमेरिकेतील स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड केगेल यांनी १९४८ मध्येच तो मांडला, आणि स्नायूंचा दाब मोजणारे एक साधनही वापरले. मुंबईत केईएम रुग्णालयात १९५० च्या दशकात फिजिओथेरपीचे शिक्षण सुरू झाले, तरी या उपचाराचे नाव घराघरांत अजून पोचलेले नाही. हाडाच्या दुखण्याला फिजिओ, एवढेच आपल्याला ठाऊक.

काकूंना घरी दिवसातून तीनदा, दर वेळी किमान आठ वेळा स्नायू आवळून सोडायला सांगितले, निदान तीन महिने. शिंक येणार असे वाटताच आधी आवळायचे, ही युक्तीही शिकवली. दूध उतू जाईपर्यंतचा वेळ त्यांनी यासाठी राखून ठेवला. पहिला महिना काहीच फरक दिसला नाही. त्या कंटाळल्या, एक आठवडा सोडूनही दिला. सुनेने विचारले नाही, फक्त वही पुन्हा ओट्यावर आणून ठेवली. तिसऱ्या महिन्यात दिवसचे दिवस कोरडे जाऊ लागले. सर्दी झाली की अजूनही एखादा थेंब चुकतो.

आता सामायिकाला त्या मधल्या ओळीत बसतात. शिखरजीच्या पुढच्या यात्रेची यादी लागली, तेव्हा त्यांनी नावापुढे डोलीचा रकाना रिकामा ठेवून ‘पायी’ असे लिहिले. पिशवीत परकर मात्र अजून असतो.